भाऊ, अजून थोडा वर घ्या की!

तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन चालू. अनोळखी नंबर, मागे गाडीचा हॉर्न, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "ड्रोनचं काय घेता?" तारीख नाही, गाव नाही, लग्न आहे का साखरपुडा का प्लॉटचं शूटिंग त्याचा पत्ता नाही, थेट रेट. रेट सांगितला की दुसरा प्रश्नपण ठरलेला, "किती वर जातो?"

मी नारायणगाव, जुन्नर, आळेफाटा, मंचर या पट्ट्यात ड्रोन उडवतो, फ्रीलान्स. आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय की गिऱ्हाईक उंचीचे पैसे देतं आणि आमची खरी मेहनत खाली असते. नियमाने ग्रीन झोनमध्ये, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येतं त्या भागात, १२० मीटर, म्हणजे ४०० फूट, त्याच्यावर जायचं तर परवानगी लागते. पण नियम नसता तरी लग्नात मी तेवढा वर गेलो नसतो, कारण तिथून वरातीतली माणसं अक्षता सांडल्यासारखी दिसतात, नवरा कोण आणि बेंजोवाला कोण काही कळत नाही. चांगले शॉट असतात दहा-पंधरा मीटरवर, दुमजली घराच्या गच्चीच्या आसपास. आणि नेमकं तिथंच सगळं असतं, विजेच्या तारा, केबलवाल्याची लोंबणारी वायर, मंडपाचे बांबू, डीजेचा ट्रस, नारळाच्या झावळ्या. शंभर मीटरवर नेऊन गरागरा फिरवणं दोन दिवसांत कुणालापण जमतं. तारेखालून वरातीच्या पुढं पुढं मागे सरकत जाणं, घोड्याला न बुजवता, हे जमायला वेळ लागतो. पण मागून मामा ओरडणारच, "भाऊ, अजून थोडा वर घ्या की!" मग त्यांच्या समाधानासाठी एकदा वर नेतो, पाच सेकंदाचा शॉट घेतो, खाली आणतो. एडिटिंगमध्ये तो बहुतेक उडतोच.

आता काम येतं कसं ते सांगतो, कारण अर्धी भांडणं तिथं सुरू होतात. डायरेक्ट गिऱ्हाईक कमी, बरंचसं काम स्टुडिओवाल्यांकडून. त्यांचं पॅकेज असतं, फोटो, व्हिडिओ, कँडिड, सिनेमॅटिक, अल्बम, एलईडी वॉल आणि खाली एक ओळ "ड्रोन". ती ओळ म्हणजे मी. नवरीच्या वडिलांना वाटतं ड्रोन स्टुडिओचा आहे, मला पार्टीचं नावपण आदल्या रात्री कळतं, आणि मधे स्टुडिओवाल्याने काय कबूल केलंय ते त्यालाच ठाऊक. एकदा असाच गेलो तर कार्यक्रम बंद एसी हॉलमध्ये, वर झुंबर, खाली पाहुणे, आणि पार्टी म्हणते आम्हाला आतमध्ये ड्रोन सांगितलाय. आतमध्ये जीपीएसचा सिग्नल मिळत नाही हो, ड्रोन एका जागी धरून ठेवायला तो खालच्या कॅमेऱ्यावर जगतो, आणि खाली चकचकीत टाइल्स आणि डिस्को लाइट असले की तो पण गोंधळतो. हजार माणसांच्या डोक्यावर मी नाही उडवला. बाहेरून हॉलचा आणि पार्किंगचा शॉट घेतला. पार्टी नाराज, स्टुडिओवाला माझ्यावर नाराज, आणि पैसे दिवाळीनंतर दिवाळी आली तरी पूर्ण मिळाले नाहीत. कुणाचं नाव घेत नाही, पण या धंद्यातल्या प्रत्येकाकडे असा एक स्टुडिओ असतो.

पार्टीच्या बाजूनेपण बघा ना. त्यांनी पॅकेजचे लाखभर मोजलेत, ड्रोन दिवसभर आहे असं ऐकलंय, आणि हा गडी तर तासातासाने पंधरा मिनिटं उडवतो आणि मग कुठंतरी जाऊन बसतो. बसत नाही, बॅटरी चार्ज करत असतो! बॉक्सवर ३४ मिनिटं लिहिलेलं असतं, ते वारा नसताना, एकसारख्या स्पीडला, बॅटरी पार शून्यावर नेऊन. प्रत्यक्षात तीस टक्क्यांना मी खाली आणतो, म्हणजे वीस-बावीस मिनिटं हातात. माझ्याकडे तीन बॅटऱ्या, म्हणजे एका दमात तासभर, बास. मग मंगल कार्यालयात चालू सॉकेट शोधायचा. तो असतो फक्त भटारखान्यात, आचाऱ्याच्या मिक्सरशेजारी, आणि तिथं एकाने चटणी वाटायला माझा चार्जर काढून ठेवलेला असतो. "दिवसभर ड्रोन" म्हणजे दिवसभर हवेत नाही हे बुकिंगलाच सांगितलं तर कुणी चिडत नाही. मी सांगतो. स्टुडिओवाला सांगत नाही.

आणि वेळेचं गणित तर विचारूच नका. दुपारी साडेबाराचा मुहूर्त असला तर ऊन डोक्यावर, सावल्या काळ्याकुट्ट, पांढरा मंडप नुसता भगभगतो, लेन्सवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावूनसुद्धा चेहरे काही खुलत नाहीत. गोरज मुहूर्त असला तर साडेसहाला लागणारं लग्न वरात नाचत नाचत येईपर्यंत आठ वाजतात, अंधार पडतो आणि छोट्या सेन्सरच्या ड्रोनवर अंधारात नुसते दाणे दिसतात. मधला पाच-साडेपाचचा सोनेरी उजेड, जो खरा ड्रोनचा, त्या वेळी नवरी पार्लरवालीच्या ताब्यात! आजवर एकदाच असं झालं की नवरीच स्वतः म्हणाली दादा मी अर्धा तास आधी तयार होते, तुम्ही शेतात चला. कांद्याचं हिरवंगार शेत, मागे डोंगर, आणि तिरप्या उन्हात शालू. तो शॉट दाखवून मी पुढची कामं घेतलीत.

मंगलाष्टकं चालू असताना उडवायचा का, यावर माझं मत स्पष्ट आहे, नाही. आवाज घुऽऽ करून सगळ्या मंडपात घुमतो, भटजी तिथूनच डोळे वटारतात, माणसं वधूवरांकडे बघायचं सोडून वर बघतात आणि कँडिडवाल्याच्या प्रत्येक फोटोत सगळे आभाळाकडे तोंड करून उभे. शिवाय ड्रोनच्या पंख्यांची हवा खाली बसते, अंतरपाट फडफडतो, रांगोळी विस्कटते, आणि लोक अक्षता वर फेकतात त्या थेट पंख्यात. प्रवेशाला उडवा, वरातीला उडवा (पण आधी फटाकेवाल्याला गाठून आकाशात जाणारे शॉट कधी लावणार विचारून घ्या, तो सांगतो एक आणि लावतो तिसऱ्याच वेळी), बाकी लग्न माणसांना बघू द्या.

लग्नांपेक्षा मला स्वतःला घाटातलं काम आवडतं. घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीचा घाट. सुप्रीम कोर्टाने २०१४ ला बंदी घातली होती, मग डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतीचा कायदा कायम ठेवला. मधल्या त्या बंदीच्या वर्षांत ड्रोन स्वस्त झाले, घरोघरी यूट्यूब आलं, त्यामुळे शर्यती परत चालू झाल्या त्या थेट लाइव्हसकटच. आता यात्रा कमिटीच्या बजेटमध्ये मंडप, स्पीकर, घड्याळवाला आणि ड्रोन असे वेगवेगळे आकडे असतात. आणि गाडामालक पण वेगळा बोलावतात, आपल्या बारीची, म्हणजे आपला गाडा पळतो त्या पाळीची, रील पाहिजे म्हणून.

काम अवघड आहे. बारी दहा-बारा सेकंदांत संपते, दुसरा टेक नाही. घाट चढता असतो, म्हणजे तुम्ही खाली जिथून उडवला तिथून दहा मीटर उंची दाखवतंय पण वर निशाणापाशी जमीनच उचललेली, तिथं ड्रोन माणसांच्या टोप्यांवर येतो. हे ज्याला माहीत नाही त्याने घाटात येऊ नये. मी कायम बाजूने पळवतो, बैलांच्या डोक्यावरून कधीच नाही. बैल बुजला तर जनावराला लागेल, माणसाला लागेल, आणि बैलाची किंमत ऐकलीत तर माझा ड्रोन त्याच्या झुलीत बसतो. एका म्हाताऱ्या गाडामालकाने मला शर्यतीआधी सरळ सांगितलं होतं, "पोरा, माझ्या बैलाच्या कानावर ते आलं तर तुझ्या हातातलं ते रिमोट घाटात पुरीन." मी म्हटलं नाना, तुम्ही सांगाल तिथं उभा राहतो. मग त्यांनीच जागा दाखवली, बैल कुठल्या अंगाला बुजतो ते सांगितलं, आणि त्या दिवसाचा सगळ्यात भारी शॉट त्याच जागेवरून मिळाला.

आणि भंडारा! गाडा पहिल्यात आला की भंडाऱ्याची उधळण, ढगच्या ढग, फ्रेममध्ये इतका देखणा दिसतो की मोह आवरत नाही, पण ती पिवळी पूड मोटरमध्ये जाते, गिंबलच्या (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाच्या) फटीत जाते, लेन्सवर बसते. संध्याकाळी घरी आलं की रंगाचा मऊ ब्रश आणि हवेचा पंप घेऊन तासभर साफसफाई, एकेक पंखा बोटाने फिरवून बघायचा, कुठं कचकच लागते का. गुलाल त्याहून वाईट, तो चिकटतो. हा तास बिलात कुठंच लिहिलेला नसतो.

आता नियमांचं, कारण फोनवर हमखास ऐकायला मिळतं, "अहो २५० ग्रॅमच्या आतल्याला काही लागत नाही." अर्धवट माहिती. ड्रोन नियम आले ऑगस्ट २०२१ मध्ये. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला पायलट सर्टिफिकेट लागत नाही हे खरं. मायक्रो घेऊन तुम्ही धंदा करत असाल तर लागतं, दहावी पास, वय १८ ते ६५, डीजीसीएने (विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याने) मान्यता दिलेल्या संस्थेत ट्रेनिंग. मायक्रोला थर्ड पार्टी विमापण लागतो. पण झोन सगळ्यांना सारखेच, ड्रोन माशीएवढा असला तरी रेड झोन तो रेड झोन, केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय बंद. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच मोकळीक, ५ ते ८ किलोमीटरमध्ये तर जमिनीपासूनच यलो, म्हणजे परवानगी लागते. दंड एक लाखापर्यंत. आणि या सगळ्यावर स्थानिक पोलिसांचे आदेश वेगळे निघतात, मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव होता तेव्हा ठिकठिकाणी ड्रोनबंदी झाली आणि ऐन लग्नसराईत ॲडव्हान्स परत द्यायची वेळ आली.

दुसरी गोष्ट, परदेशातून तयार ड्रोन आणायला ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, सुटे भाग तेवढे आणता येतात. तरी लग्नालग्नांत नवीन मॉडेल दिसतात ती कुठून येतात ते तुम्ही ओळखा. बिल नाही, वॉरंटी नाही, युआयएन (ड्रोनचा नोंदणी नंबर) नाही. माझा ड्रोन जुना आहे, बंदीच्या आधीचा, बिल आहे, नोंदणी आहे. नव्या पोरांचा कॅमेरा माझ्यापेक्षा भारी असतो हे मी मान्य करतो. पण उद्या ड्रोन कुणाच्या डोक्यात पडला तर पोलीस पहिला प्रश्न कॅमेऱ्याबद्दल विचारणार नाहीत.

प्री-वेडिंगवाल्यांना नाही म्हणायची तर सवयच करून घ्यावी लागते. पुण्याच्या पार्टीला खडकवासला पाहिजे. अहो तिथं शेजारी एनडीए, लष्कराची प्रबोधिनी आहे. लोहगावच्या बाजूला फार्महाऊस असतं, तिथं एअरफोर्स. आमच्याकडचे म्हणतात शिवनेरीवर घेऊ. शिवनेरी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात, त्यांची परवानगी पाहिजे, आणि १९ फेब्रुवारीच्या आसपास तर विचारायचंच नाही, मुख्यमंत्री येतात. मग ऐकून घ्यायचं, "पण इन्स्टावर तर एकाने टाकलाय." टाकला असेल. कड्यावरचं आग्या मोहोळ त्याच्या ड्रोनवर उठलं नाही आणि खाली पायऱ्यांवर शाळेची सहल नव्हती, हे त्याचं नशीब.

प्लॉटवाल्यांचं जग वेगळंच. त्यांना उंची खरोखर लागते, तिथं वर घ्या म्हणणं बरोबर आहे, पण कशासाठी ते बघा. "हायवे दिसला पाहिजे." हायवे चार किलोमीटर लांब. पण ड्रोन शंभर मीटरवर नेला, कॅमेरा थोडा उचलला, झूम मारला की हायवे प्लॉटच्या कुंपणाला टेकल्यासारखा दिसतो. मग एडिटिंगमध्ये हिरवी रेघ मारायची, "ही तुमची हद्द". मुंबईतला माणूस मोबाइलवर ते बघून टोकन देतो. मी शूटिंग करून देतो पण रेघा मारत नाही, हे आधीच सांगतो. हद्द भूमी अभिलेखचा मोजणीवाला दाखवतो, ड्रोनवाला नाही. यामुळे काही कामं गेली, जाऊ देत. घेणाऱ्याला माझं सांगणं एवढंच, व्हिडिओत हायवे दिसला की स्वतः गाडी घेऊन जा आणि मीटर बघा.

प्लॉटवर अजून एक त्रास, माणसं. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, संभाजीनगर, नगर आणि आमच्या पुणे जिल्ह्यातल्या गावांतपण रात्री आकाशात ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात अशी बोंब उठली होती, गावं रात्रभर काठ्या घेऊन जागी. त्यात खरं किती आणि अफवा किती हा भाग सोडा, पण त्यानंतर भर दिवसा तिपायी मांडून उभा राहिलो तरी चार मोटरसायकली येऊन थांबायच्या. "कोण रे तू? कुणाचा?" तेव्हापासून माझी पद्धत, गावात शिरलं की आधी पोलीस पाटलांना फोन, मग ज्यांच्या बांधावरून उडवायचाय त्यांच्या घरी जाऊन चहा, मग ड्रोन. पोरांना स्क्रीनवर त्यांचं घर दाखवायचं. एकदा घर दिसलं की तीच पोरं बाकीच्यांना लांब उभं करतात.

पडतो का ड्रोन? पडतो. ओळखीतल्या एका पायलटचा येडगाव धरणावर पडला. वारं पाठीवर घेऊन पाण्यावर लांब गेला, परत येताना वारं तोंडावर, बॅटरी भराभर उतरायला लागली, त्यात एक घार. घारीला वाटतं हा आपल्या हद्दीत कोण आलाय. तिने झडप घातली आणि खेळ खल्लास, ड्रोन पाण्यात, कार्ड पाण्यात, सकाळपासूनचं सगळं शूटिंग त्या कार्डात. पार्टी म्हणाली व्हिडिओ नाही तर पैसे नाहीत. पायलट म्हणाला माझा लाखाचा माल गेला, निदान दिवसाची मजुरी द्या. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं आणि कागदावर काहीच नव्हतं. थर्ड पार्टी विमा दुसऱ्याच्या नुकसानीचा असतो, आपल्या ड्रोनचा वेगळा काढावा लागतो, तो बहुतेकांनी काढलेला नसतो. मी हे ऐकल्यापासून प्रत्येक बॅटरी बदलताना कार्ड लॅपटॉपवर उतरवतो आणि बुकिंगला व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवतो, वारं-पाऊस असेल तर उडवणार नाही, हवामानामुळे काम नाही झालं तर अर्धे पैसे, कच्चं फुटेज त्याच दिवशी तुमच्या पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह तुमचा. "ओके" आलं की तारीख पक्की. आमच्याकडे सध्या दिवसाचे सात-आठ हजार चालतात, स्टुडिओमार्फत त्याहून कमी पडतात, आणि कुणी तीन हजारात देत असेल तर त्याला विम्याचं आणि नोंदणीचं नक्की विचारा.

चांगली गिऱ्हाइकंपण भेटतात हो. मागे दुबईहून एका दादांचा फोन आला. गावातला जुना वाडा पाडायचा ठरलेला, भावाभावांत वाटणी झालेली, तर पाडायच्या आधी वरून एकदा घ्या. रेटच्या आधी त्यांनी मॅपवर पिन पाठवली, वाड्याचं तोंड पूर्वेला आहे म्हणजे सकाळी या, मागच्या विहिरीला जाळी नाही सांभाळून, आणि शेजारच्या काकूंना मी सांगून ठेवलंय. असं गिऱ्हाईक! मी सूर्य वर यायच्या आत पोचलो. कौलं अर्धी शेवाळलेली, मधला चौक, चौकात तुळस, आणि वरून पाहिल्यावर कळलं की वाडा चौकोनी नाहीच, एका अंगाला तिरका गेलाय. काकू म्हणाल्या, "ओढ्याला जागा सोडली होती रे, आता ओढाच नाही." मी कॅमेरा सरळ खाली करून, छपराच्या वर जेमतेम पाच मीटर, पन्हाळीच्या कडेकडेने एक फेरी मारली, अगदी सावकाश. दादांना काकूंचं ते वाक्य पण कळवलं, कारण ते शूटिंगमध्ये आलं नव्हतं. पैसे त्याच संध्याकाळी.

तर बुकिंग करताना तारीख, गाव, मुहूर्त, तारा कुठं आहेत आणि तुम्हाला नक्की काय बघायचंय एवढं सांगा, रेट मग बोलू. मे महिन्याच्या मोठ्या तिथ्या लवकर जातात. आणि एक विनंती, उसात बिबट्या दिसलाय, ड्रोन घेऊन या, असे रात्री दहाला फोन करू नका. माझ्या कॅमेऱ्याला उसात पाचटाशिवाय काही दिसत नाही, त्याला थर्मल, म्हणजे अंगाची ऊब टिपणारा कॅमेरा लागतो आणि तो वनखात्याकडे असतो. त्यासाठी वनखात्याची हेल्पलाइन १९२६ लावा.